शिकार दर्यावरची, कान सोळा नंबरवर

वसईत कुणी ‘शिकारीला कोणता वॉकीटॉकी न्यावा’ असं विचारलं, तर लोक त्याच्याकडे आधी वरून खालपर्यंत बघतील. तुंगारेश्वरच्या रानात बंदूक घेऊन फिरायचे दिवस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संपवले, आणि २००३ पासून तर ते रान अभयारण्यच आहे. २०२४ च्या मार्चअखेरीला वसईच्या किल्ल्यात बिबट्या शिरला, तेव्हा त्याच्या मागावर होते ते वनखात्याचे लोक, पिंजरे आणि कॅमेरे घेऊन. तीन आठवड्यांहून जास्त वाट पाहून त्यांनी तो धरला, जिवंत. जमिनीवरची शिकार आमच्याकडे आता एवढीच.

दर्यावरची मात्र चालू आहे. शेतकरी पेरतो आणि उगवायची वाट बघतो. कोळी पेरत काहीच नाही. तो शोधतो, अंदाज बांधतो, दबा धरतो आणि सापडलेली जागा इतरांपासून लपवतो. ही शिकारच. म्हणून रानातल्या शिकाऱ्यापुढे वायरलेस घेताना जे तीन प्रश्न असतात, तेच वसईतल्या पाचूबंदरच्या तांडेलापुढे, म्हणजे बोट चालवणाऱ्यापुढेही असतात: माझा आवाज किती लांब जाईल, तो कुणी ऐकायला हवा, आणि कुणी ऐकता कामा नये? या पुस्तिकेचा सगळा विषय या तीन प्रश्नांत आहे. तिची प्रस्तावना मी लिहावी असं ठरलं, त्याचं कारण मी लेखक आहे हे नाही. नायगाव ते अर्नाळा या पट्ट्यातल्या बोटींवरचे बिघडलेले सेट बरीच वर्षं माझ्या टेबलावर येत आले आहेत. माणूस सेट विकत घेताना खोटं बोलतो, दुरुस्तीला आणताना खरं बोलतो. त्या खऱ्या बोलण्यातून जे कळलं, ते इथं लिहितो.

रेडिओ नव्हता तेव्हाही शिकारीत निरोप लागतच. रानात हाकारे असायचे. एका बाजूनं आरडाओरडा करत जनावर उठवायचं आणि दुसऱ्या बाजूला मचाणावरच्या माणसाकडे लोटायचं. त्या आवाजात दोन निरोप असत. जनावराला ‘पळ’ आणि मचाणावरच्याला ‘सावध’. दर्यावर ही सोय नाही. इंजिनाच्या धडधडीत पन्नास हातांवरची हाळी ऐकू येत नाही. पूर्वी बावटा, कंदील, हातवारे यांवर भागायचं. आता खिशात मोबाइल असतो, पण किनारा धूसर झाला की तो मुका होतो. पुढं उरतो तो सेट.

आणि सेट आला की पहिली गोष्ट आठवते ती लपवाछपवी.

२०२१ च्या ऑगस्टअखेर आपल्याच पालघर जिल्ह्यातल्या मुरब्याच्या एका बोटीला एका फेरीत १५७ घोळ मासे लागले. लिलावात त्यांचे एक कोटी तेहतीस लाख आले. ही बातमी देशभर गाजली. घोळीच्या पोटातल्या भोताला, म्हणजे हवेच्या पिशवीला, परदेशात सोन्याचा भाव आहे, हे लोकांना तेव्हा कळलं. कोळीवाड्यांना ते आधीपासून ठाऊक होतं. आता कल्पना करा, त्या क्षणी त्या बोटीवरचा एखादा उत्साही खलाशी सेटवर ‘अरे घोळ लागली, अमक्या वाव पाण्यात या’ असं ओरडला असता, तर दोन तासांत तिथं जत्रा भरली असती. म्हणून गुप्तता ही कोळ्याची खोड नव्हे, ती त्याच्या धंद्याची पुंजी आहे. एका बोटगटात ‘आत्याकडे जेवण आहे’ म्हटलं की म्हावरा लागला असं समजायचं, हे मी दुरुस्तीच्या टेबलावर ऐकलं आहे. पुढं तो शब्द फुटला आणि आत्याकडे फारच पाहुणे जमायला लागले, तेव्हा आत्या बदलून मावशी झाली.

जगात इतरत्र शिकारीतला वायरलेस उलट्या बाजूनंही पाहिला जातो. अमेरिकेतल्या मोन्टाना राज्यात शिकार साधण्यासाठी दुतर्फा रेडिओ वापरायला कायद्यानंच मनाई आहे. थिओडोर रूझवेल्टनं १८८७ मध्ये काढलेला बून अँड क्रॉकेट क्लब अशा रीतीनं मारलेलं जनावर आपल्या नोंदवहीत धरत नाही. एकानं टेकडीवरून दुर्बिणीनं पाहायचं आणि दुसऱ्याला वायरलेसवरून ‘डावीकडे वळ’ सांगायचं, यात जनावराला वाव कुठं राहिला, असा त्यांचा सवाल. आपल्याकडे असा वाद दर्यावर झाला तो एलईडी दिवे लावून केलेल्या मासेमारीवरून, आणि केंद्रानं २०१७ मध्ये ती पद्धत बंद केली. वायरलेसला मात्र कुणी अन्याय्य म्हटलं नाही, आणि म्हणूही नये. रानातला शिकारी वाट चुकला तर झाडाखाली बसू शकतो, दर्यावर ती सोय नाही.

पण वर सांगितलेल्या गुप्ततेपायीच चुकीचा सेट घरी येतो. तो कसा येतो ते सांगतो.

मोबाइलवर दोन-तीन हजारांत वॉकीटॉकीची जोडी दिसते. वर लिहिलेलं असतं, ‘दहा किलोमीटर रेंज, प्रायव्हसी कोड’. तांडेलाला दोन्ही गोष्टी हव्याच असतात. तो घेतो. त्यातल्या प्रायव्हसी कोडची गंमत अशी की त्यामुळे गुप्तता अजिबात मिळत नाही. तो कोड म्हणजे आवाजाखाली दडवलेला एक बारीक सूर. तुमचा सेट तो सूर नसलेले आवाज तुम्हाला ऐकू देत नाही, एवढंच त्याचं काम. तुमचं बोलणं मात्र कोड न लावलेल्या कुठल्याही सेटवर स्वच्छ ऐकू येतं. म्हणजे दार लावल्यासारखं वाटतं, पण कानात बोळे घातले असतात ते आपल्याच. लपवायला गेलेला माणूस बहिरा होतो, आणि जग त्याचं ऐकत राहतं.

कायद्याचंही इथंच उरकून घेतो. आपल्या देशात परवान्याशिवाय चालणारे हातातले सेट ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या चिंचोळ्या पट्टीतले, तेही अगदी कमी ताकदीचे. बाजारात येणारे कित्येक सेट त्या पट्टीबाहेर कुठंही लावता येतात. म्हणून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं मे २०२५ मध्ये ऑनलाइन विक्रीसाठी नियमावली काढली: सेट कोणत्या फ्रिक्वेन्सीचा, परवाना लागतो की नाही, मंजुरी आहे की नाही, हे विक्रेत्यानं सांगितलंच पाहिजे. पण कायद्यापेक्षा मला काळजी आहे ती दुसऱ्या गोष्टीची. असल्या सेटवर सोळा नंबर नसतो.

सोळा नंबर म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ. जगातल्या कुठल्याही समुद्रात संकटाची हाक याच चॅनेलवर मारायची आणि याच चॅनेलवर कान ठेवायचा, असं ठरलेलं आहे. तटरक्षक दल तिथं ऐकतं, मुंबई बंदरात जाणारी मालवाहू जहाजं तिथं ऐकतात, शेजारचा ट्रॉलर तिथं ऐकतो. फायबरची लहान बोट रात्री मोठ्या जहाजाच्या रडारवर नीट उठत नाही. ते जहाज तुमच्या डोल जाळ्यावर चालून येत असेल, तर त्याला सांगायची वाट एकच: सोळा नंबर. तुम्ही घोळ लपवायला भलत्याच फ्रिक्वेन्सीवर गेलात, तर त्या जहाजापासून स्वतःची बोटही लपवलीत. माझी सगळी तक्रार या एका वाक्यात आहे. पुस्तिकेतलं बाकी काही नाही वाचलंत तरी चालेल, पण सोळा नंबर नसलेला सेट बोटीवर एकटा नेऊ नका.

मग गुप्ततेचं काय? तिचीही सोय खऱ्या मरीन व्हीएचएफमध्येच आहे, फक्त ती पाकिटावर छापलेली नसते. एक, बोटी-बोटींत बोलायला ७२ सारखी वेगळी चॅनेलं आहेत. सोळावर हाक मारायची, ‘बहात्तरला या’ म्हणायचं आणि तिकडं जायचं. दोन, या सेटवर ताकद कमी करायचं बटण असतं. पंचवीस वॉटचा सेट एक वॉटवर आणला की आवाज जवळच्या बोटीपर्यंतच नीट पोचतो, लांबच्याला फक्त खरखर. बॅटरीही वाचते. तीन, ‘ड्युअल वॉच’. सेट बहात्तरवर ऐकत असताना मध्येमध्ये सोळावर कान लावून येतो. आणि चार, मावशी. चांगल्या सांकेतिक शब्दाला अजून कुठल्याही कंपनीनं पर्याय काढलेला नाही.

किती लांब जाईल, या प्रश्नाला पाकीट नेहमी खोटं उत्तर देतं. व्हीएचएफचा आवाज डोळ्यासारखा सरळ जातो. पृथ्वी गोल असल्यानं क्षितिजाखालच्या बोटीला तो सापडत नाही. हिशेब सोपा आहे. अँटेनाची पाण्यापासूनची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, चारानं गुणा. जो आकडा येईल तितके किलोमीटर तुमचं क्षितिज. समोरच्याचंही तसंच काढा आणि दोन्ही मिळवा. दोन बोटींवर चार-चार मीटर उंचीवर अँटेना असतील तर आठ अधिक आठ, सोळा किलोमीटर. दोघं फळ्यांवर बसून हातातल्या सेटवर बोलत असतील तर कागदावर अकराच्या आसपास, पण लाटेत आणि त्या बोटभर रबरी अँटेनावर प्रत्यक्षात पाच-सात मिळाले तरी भाग्य. किनाऱ्यावरचा मनोरा शंभर मीटरचा असेल तर तुमच्या चार मीटरला तो अठ्ठेचाळीस किलोमीटरवरून ऐकू शकतो. या सगळ्यात वॉट कुठं आले नाहीत, हे लक्षात घ्या. ताकद वाढवून क्षितिज मागं सरत नाही. अँटेना एक हात वर चढवली तर सरतं. तरी लोक पैसे वॉटवर घालतात आणि अँटेना केबिनच्या कडेला सुतळीनं बांधतात.

इथं माझं आणि पुस्तिका लिहिणाऱ्या मंडळींचं थोडं वाजलं. त्यांनी सेटांचा तक्ता दिला होता, किमती आणि कंपन्यांसकट. मी तो काढायला लावला. किमती दिवाळीपर्यंत बदलतात, आणि तक्ता पाहिला की माणूस पुढची पानं वाचत नाही. त्याऐवजी केबलबद्दल दोन पानं घाला, असं मी म्हटलं. माझ्याकडे ‘सेट मेला’ म्हणून जे येतात, त्यांतले कितीतरी सेट जिवंत असतात. मेलेली असते ती केबलची जोडणी. पितळी टोक हिरवं पडलेलं, आतली तांब्याची जाळी काळी ठिक्कर. खारी हवा केबलीत शिरते आणि वातीत तेल चढावं तशी आत आत चढत जाते. असल्या केबलीतून पंचवीस वॉट निघतात आणि अँटेनाला दोनही पोचत नाहीत. सेटवरचा दिवा मात्र लालच लागतो, त्यामुळं तांडेलाला वाटतं आपण बोलतोय. जोडणीवर पाणी न शिरणारी टेप गुंडाळा, दरवर्षी पावसाळी मासेमारीबंदीच्या दोन महिन्यांत टोक कापून नवं लावा. आणि अँटेना जोडल्याशिवाय बोलायचं बटण कधीही दाबू नका. त्यानं सेट खरंच मरतो.

बॅटरीचंही असंच. बोटीत पाणी शिरलं की पहिल्यांदा बुडते ती तळाशी ठेवलेली बॅटरी. म्हणजे हाक मारायची वेळ येते त्याच वेळी सेट बंद. पंचवीस वॉटवर बोलताना सेट पाच-सहा अँपिअर ओढतो, त्यामुळं वेगळी छोटी बॅटरी लागेल. पण ती केबिनमध्ये, खांद्याच्या उंचीवर हवी. जोडीला हातातला एक मरीन सेट, पाण्यात तरंगणारा असेल तर उत्तमच. त्यावर ‘आयपी ६७’ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ मीटरभर पाण्यात अर्धा तास तग धरेल. पण ती चाचणी गोड्या पाण्यातली असते. दर्यावरून आल्यावर सेट गोड्या पाण्यानं धुवा, पुसा, मगच चार्जिंगला लावा. चार्जिंगची टोकं खाऱ्या पाण्यानं खाल्लेले सेट मी पोत्यानं पाहिले आहेत.

ऐकण्याचा एक दोष सांगतो, कारण तो कुणी सांगत नाही. सेटवर ‘स्क्वेल्च’ नावाची एक कळ असते, खरखर बंद करायची. रात्री झोप मोडू नये म्हणून खलाशी ती पार आवळून टाकतात. मग सेट शांत राहतो आणि लांबून आलेली क्षीण हाकही गिळून टाकतो. कळ खरखर सुरू होईपर्यंत सैल करायची आणि मग थांबेपर्यंतच, केसभर आवळायची. पहाऱ्यावरच्या माणसानं थोडी खरखर सोसायला शिकलं पाहिजे.

आता बोलणं. एका वेळी एकच बोलू शकतो, बटण दाबलं की तुमचा कान बंद. हे सगळ्यांना माहीत आहे, तरी बटण दाबल्याबरोबर पहिला शब्द निम्मा कापला जातो. दाबा, एक श्वास थांबा, मग बोला. माईक ओठांपासून चार बोटं लांब आणि किंचित आडवा. ओरडू नका, ओरडलेला आवाज फाटतो. आणि बोलून झालं की माईक हुकावर अडकवा. एकदा एका बोटीचा माईक उशीखाली दाबला गेला, आणि आसपासच्या सगळ्या बोटींना पाऊण तास त्या खलाशाचं घोरणं ऐकावं लागलं. सगळे हसले, पण तेवढा वेळ त्या चॅनेलवर दुसरं कुणी बोलू शकत नव्हतं.

मराठीतून बोलताना एक खास अडचण आहे, ती इंग्रजी माहितीपत्रकात कधीच सापडणार नाही. आपले आकडे. वसईचा अक्षांश एकोणीस आणि रेखांश बहात्तर. आता खरखरीत सेटवर ‘एकोणीस’, ‘एकोणतीस’ आणि ‘एकोणचाळीस’ म्हणून पाहा. ‘बासष्ट’, ‘बहात्तर’ आणि ‘ब्याऐंशी’ म्हणून पाहा. सुरुवात सगळ्यांची सारखी, आणि फरक नेमका शेवटी, जिथं आवाज तुटतो. एक मिनिट अक्षांश चुकला तर बोट एक नॉटिकल मैल, म्हणजे जवळपास दोन किलोमीटर सरकते. वीस मिनिटांच्या जागी तीस ऐकलं तर अठरा किलोमीटर. म्हणून पुस्तिकेत जे सुटे अंक सांगायची रीत दिली आहे ती घोकून ठेवा: ‘एक, नऊ अंश, दोन, शून्य मिनिटं’. मोठ्या जहाजावरच्या परदेशी माणसाला सांगायचं तर ‘वन, नाइन, टू, झीरो’. दहापर्यंतचं इंग्रजी सगळ्यांनाच येतं.

संकटाची हाकही अशीच, शब्द थोडे आणि ठरलेले. ‘मेडे’ हा शब्द १९२० च्या दशकात लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावर घडला, ‘मला मदत करा’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून. आपल्याला फ्रेंच यायची गरज नाही. सोळा नंबर, पूर्ण ताकद. मेडे तीनदा, बोटीचं नाव तीनदा, जागा सुट्या अंकांत, काय झालंय, माणसं किती. मग बटण सोडून ऐका. उत्तर नाही आलं तर पुन्हा. दुसऱ्याची मेडे ऐकलीत तर बोलू नका, कागदावर उतरवून घ्या. किनाऱ्यावरून कुणी उत्तर दिलं नाही तर तुम्ही द्या. नव्या सेटांवर झाकणाखाली लाल बटण असतं. ते दाबून धरलं की सेट सत्तर नंबरवरून आपोआप ओळख आणि जागा पाठवतो. पण त्यासाठी सेटमध्ये बोटीचा नऊ आकडी नंबर भरलेला हवा, भारतीय बोटींचा तो ४१९ नं सुरू होतो, आणि सेट जीपीएसला जोडलेला हवा. माझ्याकडे आलेल्या लाल बटणवाल्या बहुतेक सेटांत नंबर भरलेलाच नव्हता. ते बटण मग नुसतं शोभेचं.

उपग्रहाच्या यंत्रांबद्दल लोक विचारतात, आता सेट कशाला? ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्येच वाढवण बंदराच्या भूमिपूजनाच्या वेळी पंतप्रधानांनी बोटींवरच्या ट्रान्सपाँडरच्या देशव्यापी योजनेची सुरुवात केली. टप्प्याटप्प्यानं एक लाख बोटींवर ती यंत्रं बसायची आहेत. ती इस्रोच्या तंत्रावर चालतात आणि दोन्ही बाजूंनी निरोप नेतात. त्याआधीपासून, २०१० पासून, इस्रोचं संकटसूचक यंत्र आहेच. त्याच्या नव्या आवृत्तीत ‘तुमची हाक पोचली’ असं उत्तरही परत येतं. ही यंत्रं घ्याच. क्षितिजापलीकडे व्हीएचएफ हात टेकतो तिथं ती उपयोगी पडतात. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळ अलिबाग-मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर चढलं. तसल्या दिवशी इशारा दोनशे किलोमीटरवर पोचवायला उपग्रहच हवा. पण उपग्रहाचा निरोप जातो किनाऱ्यावरच्या केंद्राकडे, आणि तिथून माणूस निघतो. तुमच्यापासून चार किलोमीटरवर डोल लावून बसलेली किल्लाबंदरची बोट वीस मिनिटांत येऊ शकते, आणि तिच्यापाशी आहे तो सोळा नंबर. दोन्ही पाहिजे. किनाऱ्याजवळ मोबाइल चालत असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी सुरक्षेचा १०९३ हे दोन आकडे केबिनच्या दारावर रंगानं लिहून ठेवा.

गेल्या जुलैतली गोष्ट आहे. बंदी उठायला आठवडा होता, कोळीवाड्यात जाळ्यांची तुनाई चाललेली, बोटींना रंग लागत होता. एक नाखवा सेट घेऊन आला. म्हणाला, “सेट चांगला आहे, फक्त हा सोळा नंबर बंद करून दे. रात्रभर कटकट करतो. परदेशी जहाजं आपसात बोलतात, आम्हाला काय त्याचं?” मी सेट उघडला, जोडणी साफ केली, केबलचं टोक बदललं, स्क्वेल्च नीट लावला. सोळा नंबर होता तसाच ठेवला. त्यानं सेट चालू करून पाहिला, सोळावर कुणीतरी कुणालातरी हाक मारत होतं. माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, “मग पैसे कसले घेतोस?” शेवटी निम्मे दिले. सेट अजून त्याच्या बोटीवर आहे, आणि उरलेले निम्मे अजून त्याच्याकडेच आहेत.